उन्हाळ्यात लहान शेतावर येणारे पाहुणे: ओळखा, मग आवरा

उन्हाळा चढला की आजूबाजूचं गवत वाळतं, ओढे-नाले आटतात आणि ठिबकवर तग धरून असलेला तुमचा अर्धा-एक एकराचा तुकडा हा परिसरातला शेवटचा हिरवा, ओला भाग उरतो. मग मावा येतो, खारी येतात, पक्षी येतात, उंदीर येतात आणि उंदरांच्या मागावर साप येतो. पहिल्या वर्षी वाटतं की सगळं जग आपल्याच वाफ्यांवर टपलंय. खरं तर यातले बरेच जण खाण्याइतकेच पाण्यासाठी आणि सावलीसाठी आलेले असतात, आणि निम्म्याहून जास्त जण तुमचं काहीच बिघडवत नाहीत.

नवखा माणूस कुरतडलेलं पान दिसलं की थेट पंप पाठीला अडकवतो. माझं सांगणं एवढंच आहे की हे कुणी केलं ते कळेपर्यंत काही फवारू नका आणि काही विकतही आणू नका. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

पायरी १: दोन वेळा फेरी मारा

पहिली फेरी सूर्य उगवता उगवता आणि दुसरी अंधार पडल्यावर तासाभराने, हातात टॉर्च घेऊन. दुपारी शेतात फिरून काही कळत नाही. दुपारी सगळे लपलेले असतात आणि झाडंही माना टाकून उभी असतात. भोपळा, काकडी यांची मोठी पानं भर उन्हात लोंबतात म्हणून घाबरून पाणी सोडू नका. पहाटे तेच पान ताठ असेल तर झाड ठीक आहे. पहाटेही मान खाली असेल तर मुळाशी, खोडाशी काहीतरी घडलंय.

सोबत १० पट मोठं दाखवणारं भिंग आणि एक पांढरा कागद ठेवा. प्रत्येक वाफ्यातली आठ-दहा झाडं अधूनमधून निवडा. फक्त कडेची नको, आतली पण घ्या. पान उलटवून बघा, कारण रस शोषणारी बहुतेक कीड पानाच्या खालच्या बाजूला असते. मग कागद पानाखाली धरून फांदीवर दोन टिचक्या मारा. कागदावर ठिपके पडतील. ते ठिपके चालायला लागले, तर पुढचं वाचा.

वही ठेवा. तारीख, पीक, काय दिसलं, किती झाडांवर, एवढं पुरे. कीड वाढतेय की घटतेय हे डोळ्यांपेक्षा वही नीट सांगते.

पायरी २: खाल्लेल्याच्या खुणा वाचा

चोर दिसत नाही, पण खुणा सोडून जातो. यावर वेळ घालवाल तर बाकीचा बराच खर्च वाचेल.

रोपाचा शेंडा सुरीने तिरका कापल्यासारखा स्वच्छ तुटलेला असेल तर ससा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, त्यामुळे ते पाला ओढून तोडतं आणि कड फाटकी, चिंध्या झालेली राहते. शेळी आणि गायही रवंथ करणारी, त्यांचंही तसंच. तेव्हा हरणावर आळ घेण्याआधी कुंपणाला भोक पडलंय का आणि शेजारची शेळी सकाळी कुठे होती, याची चौकशी करा. फळावर किंवा कंदावर शेजारी-शेजारी दोन बारीक खाचा दिसल्या तर उंदीर. जमीन उकरून, ढेकळं उलटी-पालटी करून टाकली असतील तर रानडुक्कर. बुंध्याजवळची साल खरवडलेली आणि जवळ एखादा काटा पडलेला असेल तर साळिंदर. फळझाडाखाली चावून थुंकलेल्या चोथ्याच्या गोळ्या दिसल्या तर रात्री वटवाघळं येऊन गेली. फळावर चोचीचे खड्डे असतील तर पक्षी, हे सांगायला नको.

लहान मंडळींच्या खुणा आणखी बारीक असतात. कालचं धडधाकट रोप आज जमिनीलगत कापून आडवं पडलंय, पण खाल्लेलं मात्र फारसं नाही. हे काम रोपं कुरतडणाऱ्या अळीचं. ती दूर जात नाही. त्याच रोपाभोवतीची माती बोटाने दोन-तीन सेंटिमीटर उकरा, मातकट रंगाची अळी अंगाचं वेटोळं करून पडलेली सापडेल. उचला आणि मारा. रोपाच्या बुडाभोवती जाड कागदाची नळी गुंडाळून ती जमिनीत दोन बोटं रोवली की उरलेली रोपं वाचतात. वाळलेली चकचकीत रेघ पानावरून गेली असेल तर गोगलगाय. पानात नागमोडी पांढऱ्या रेषा म्हणजे नागअळी. जुन्या पानांवर थोड्या रेषा असतील तर दुर्लक्ष करा, ते पान तोडलं तरी पुरतं. गुलाबाच्या किंवा कडधान्याच्या पानाच्या कडेला नाण्याने आखून कापल्यासारखे गोल तुकडे गायब असतील तर ती पानकापी मधमाशी आहे. घरट्याच्या अस्तरासाठी तिने ते नेलेत. झाडाला काही होत नाही, आणि परागीभवनाला ती कामाची आहे.

आता ज्याला कीड म्हणून फवारलं जातं पण जी कीड नसते, ती प्रकरणं. टोमॅटोच्या फळाचं बूड काळं, चामड्यासारखं होऊन आत दबलं असेल तर तो बुरशीचा किंवा अळीचा प्रकार नाही. पाणी कधी जास्त, कधी कमी पडल्याने फळापर्यंत कॅल्शियम नीट पोचत नाही, त्याचा तो परिणाम. पाण्याच्या पाळ्या नियमित करा आणि आच्छादन घाला. फळाच्या उन्हाकडच्या बाजूला पांढुरका, कागदासारखा डाग असेल तर ते ऊन लागलंय. पानांची जास्त छाटणी केली की हमखास होतं. पारा ३५ अंशांच्या वर गेला की टोमॅटोची फुलं गळतात, त्यालाही औषध नाही. सावलीची जाळी आणि धीर, एवढंच.

पायरी ३: मित्रकिडी मारू नका

ढालकिडा सगळ्यांना ओळखू येतो. गोल, लाल-नारिंगी, पाठीवर काळे ठिपके. पण त्याचं पिल्लू कुणाला ओळखू येत नाही. ते लांबट, काळपट, अंगावर नारिंगी पट्टे आणि टोकदार उंचवटे असलेलं, मुंगीएवढ्या आकाराच्या मगरीसारखं दिसतं, आणि म्हणूनच लोक ते आधी चिरडतात. माव्याचा फडशा पाडण्यात हे पिल्लूही मागे नसतं. १८८८-८९ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या लिंबूवर्गीय बागा एका पांढऱ्या खवल्या किडीने संपत आल्या होत्या. ऑस्ट्रेलियातून आणून सोडलेल्या ढालकिड्याच्या एका जातीने ती कीड आटोक्यात आणली. जैविक कीड नियंत्रण हा शब्द आज आपण सहज वापरतो, त्याची सुरुवात सांगताना अजूनही याच किड्याचं नाव येतं.

पानावर केसासारख्या बारीक दांड्यांच्या टोकाला पांढरी अंडी लटकताना दिसली तर ती क्रायसोपाची, म्हणजे मावा खाणाऱ्या एका मित्रकिडीची. राहू द्या. माव्याच्या गर्दीत काही मावे फुगलेले, तपकिरी, कागदी झालेले दिसतात आणि काहींच्या पाठीवर गोल भोक असतं. बारीक गांधीलमाशीने त्यांच्यात अंडी घातली, पिल्लू आतून खाऊन भोक पाडून बाहेर पडलं. असे तपकिरी मावे दिसायला लागले की फवारणीची घाई करू नका, काम सुरू झालेलं आहे. मोठ्या हिरव्या अळीच्या पाठीवर तांदळाएवढे पांढरे कोष चिकटलेले असतील तर ती अळीही मारू नका. ती तशीही मरणारच आहे, आणि त्या कोषांतून तिच्या जातभाईंना संपवणारे बाहेर पडणार आहेत.

कोळी (पुढच्या पायरीतला लाल कोळी सोडून), चतुर, बेडूक, पाली, सरडे हे सगळे तुमच्या बाजूचे. बांधाच्या कडेला बडीशेप, कोथिंबीर, सूर्यफूल अशी थोडी झाडं फुलू द्या. प्रौढ मित्रकिडींना मध आणि पराग लागतो, तो नसेल तर त्या टिकत नाहीत.

पायरी ४: रस शोषणारी कीड

उन्हाळ्यातला खरा उपद्रवी म्हणजे लाल कोळी. आकार टाचणीच्या टोकाहून लहान. पानावर आधी बारीक फिकट ठिपके येतात, मग पान तांबूस-पिवळं पडतं, आणि शेवटी खालच्या बाजूने झिरझिरीत जाळी दिसते. जाळी दिसायला लागली म्हणजे उशीर झालेला असतो. ३० अंशांच्या आसपासच्या कोरड्या हवेत अंड्यापासून प्रौढ कोळी व्हायला आठवडाभर पुरतो, त्यामुळे पंधरवडा लक्ष दिलं नाही की झाड गेलं.

हा कोळी म्हणजे कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात आणि नेहमीची कीटकनाशकं त्याच्यावर फारशी चालत नाहीत. उलट काही कीटकनाशकांनी त्याला खाणारे शत्रू मरतात आणि कोळी फोफावतो. फवारलं तरी वाढला अशी जी तक्रार ऐकू येते, तिचं कारण बहुधा हेच असतं. पहिला उपाय म्हणजे पाणी. सकाळी पानांच्या खालच्या बाजूने जोरदार फवारा मारून धुऊन काढा, दोन-तीन दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा. मातीच्या रस्त्याकडेच्या धुळकट झाडांवर तो जास्त दिसतो, म्हणून धूळही धुवा. झाडाला पाण्याचा ताण पडू देऊ नका.

मावा कोवळ्या शेंड्यांवर थव्याने बसतो. माव्याच्या माद्या नराशिवाय थेट पिल्लं घालतात आणि ती पिल्लं आठ-दहा दिवसांत आई होतात. त्यामुळे आज दहा दिसले तर पुढच्या पंधरवड्यात मोजायची सोय उरत नाही. पाण्याचा जोर त्यालाही पुरतो, कारण खाली पडलेला मावा सहसा परत वर चढू शकत नाही. माव्याजवळ मुंग्यांची ये-जा असेल तर आधी मुंग्या थांबवा. त्या माव्याचा गोड चिकटा खातात आणि बदल्यात मित्रकिडींना हुसकावतात. झाडाच्या खोडाभोवती कापडाची पट्टी बांधून तिच्यावर चिकट पदार्थ लावा. थेट सालीवर लावू नका, साल खराब होते. नत्राचा डोस जास्त झाला की कोवळी, रसाळ फूट येते आणि मावा तिथेच जमतो. हिरवंगार दिसावं म्हणून वरचेवर खत टाकण्याची सवय इथे अंगाशी येते.

पांढरी माशी झाड हलवलं की भुर्र उडते. स्वतः रस शोषून करते त्याहून मोठं नुकसान ती विषाणू पसरवून करते. टोमॅटोची पानं आखडून, पिवळी कड घेऊन वर वळली असतील तर ते झाड बरं होत नाही. उपटा, पिशवीत बांधा, बाहेर काढा. रोपवाटिकेवर ५० मेशची नायलॉन जाळी पहिल्या दिवसापासून लावली तर बरीच डोकेदुखी टळते, कारण रोप जितकं कोवळं असताना विषाणू शिरतो तितकं नुकसान जास्त. पिवळे चिकट सापळे पिकाच्या उंचीला लावा. फुलकिड्यांसाठी निळे. सापळ्यांनी कीड संपत नाही, किती आहे ते कळतं. शिवाय ते ढालकिडेही पकडतात, म्हणून दर दोन फुटांवर टांगायची हौस करू नका.

पायरी ५: अळ्या आणि फळमाशी

अळ्यांवर हाताने वेचणं हा लहान शेतावरचा सगळ्यात चांगला उपाय आहे, आणि तो कुणी करत नाही. संध्याकाळी साबणाच्या पाण्याची बादली घेऊन निघा. वांग्याचे सुकलेले शेंडे दिसतील तिथून दोन-तीन बोटं खाली कापून नष्ट करा, आत अळी असते. टोमॅटोत अर्धं अंग फळात आणि अर्धं बाहेर असलेली अळी दिसेल, ती फळासकट काढा. टोमॅटोच्या दर सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ लावतात, कारण या अळीचा पतंग झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालायला जातो. मात्र झेंडू आणि टोमॅटो एकाच वेळी फुलले पाहिजेत. त्यासाठी झेंडूची रोपं आधी टाकून मोठी करून घ्यावी लागतात. नुसता कडेला शोभेचा झेंडू लावून हे काम होत नाही.

अळ्या लहान असतानाच बीटी हे जिवाणूजन्य औषध उपयोगी पडतं. अळीने ते पानासोबत खावं लागतं. खाल्ल्यावर काही तासांत ती खाणं थांबवते आणि दोन-तीन दिवसांत मरते. अळी लगेच टपकत नाही म्हणून औषध खोटं आहे असं समजून दुसरं काही मारू नका. उन्हात ते लवकर निकामी होतं, तेव्हा संध्याकाळीच फवारा.

फळमाशी वेलवर्गीय भाज्या आणि फळझाडं दोन्हींकडे येते. कोवळ्या फळाच्या सालीखाली ती अंडी घालते. तिथे टाचणीएवढा डाग दिसतो, कधी त्यावर रसाचा थेंब असतो. नंतर फळ त्या जागी वाकतं आणि सडतं. कापून बघा, पांढुरक्या अळ्या आढळतील आणि पूर्ण वाढलेल्या असल्या तर त्या उड्याही मारतील. त्या फळातून बाहेर पडून मातीत शिरतात आणि वरच्याच थरात कोष करतात. म्हणजे गळलेलं एक फळ वाफ्यात राहिलं की पुढची पिढी तुम्हीच पाळली. सगळी गळकी, डागी फळं रोज गोळा करा. खतखड्ड्यात वरवर टाकू नका. जाड काळ्या प्लॅस्टिक पिशवीत तोंड बांधून आठ-दहा दिवस उन्हात ठेवा, किंवा दोन फूट खोल पुरा.

सापळे लावताना प्रलोभन, म्हणजे माशीला ओढणारा वासाचा पदार्थ, बघून घ्या. आंबा-पेरूवर येणाऱ्या माशीचे नर मिथाइल युजेनॉलकडे जातात, वेलवर्गीय पिकांवरच्या माशीचे नर क्यू-ल्यूरकडे. उलट लावलं तर डबा रिकामा राहतो. आणि दोन्हींत फक्त नरच अडकतात. एक नर अनेक माद्यांना पुरतो, म्हणून सापळ्याबरोबर सफाई आणि कोवळ्या फळांना कागदी पिशव्या हे दोन्ही लागतं. जपानच्या ओकिनावा बेटांवरून ही वेलवर्गीय फळमाशी १९९३ मध्ये पूर्ण हटवली, पण त्यासाठी वंध्य केलेल्या माश्या वर्षानुवर्षे प्रचंड संख्येने सोडाव्या लागल्या. एका शेताच्या कुंपणात बसून ती नाहीशी होणार नाही. शेजाऱ्यांनाही गळकी फळं उचलायला लावलं तर मात्र फरक दिसतो.

पायरी ६: फवारायचंच असेल तर

सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. तापमान ३० अंशांच्या वर असताना तेल, साबण किंवा गंधक मारलं तर किडीआधी पान जळतं. गंधक आणि तेल यांच्यात दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. वेलवर्गीय पिकांच्या बऱ्याच जातींना गंधक सोसत नाही. कडक उन्हाळ्यात तर मी ते बाजूलाच ठेवायला सांगेन.

निंबोळी तेल लिटरला ५ मिली, त्यात मिसळण्यासाठी थोडा साबण. नुसतं ढवळलं तर तेल वर तरंगतं आणि पंपातून शेवटी निव्वळ तेलच झाडावर पडतं. निंबोळीतला मुख्य घटक उन्हाने विघटित होतो, म्हणूनही संध्याकाळ बरी. साबण वापरायचा तर कीटकांसाठीचा पोटॅशियम साबण, लिटरला १० ते २० मिली. कपडे धुण्याची पावडर चालत नाही, पानं करपतात. काहीही असो, आधी चार-पाच पानांवर मारून एक दिवस थांबा.

मधमाश्यांचा विचार करा. भोपळा, काकडीची फुलं सकाळी उघडतात, दुधीची संध्याकाळी. फुलात असलेल्या पिकावर त्या वेळी फवारू नका. रासायनिक औषध घ्यायचंच ठरलं तर लेबलवर तुमचं पीक आणि तुमची कीड दोन्ही लिहिलेली आहेत ना, आणि फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी करायची, हे दुकानदाराच्या तोंडून न ऐकता स्वतः वाचा. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या. उकाड्यात नकोसं होतं, पण घामाने भिजलेल्या कातडीतून औषध अधिक सहज आत जातं.

पायरी ७: उंदीर आणि खारी

शेतात बिळं दिसतात वीस, पण राहती असतात चार-पाच. संध्याकाळी सगळी बिळं ओल्या मातीने लिंपून टाका. सकाळी जी उकरलेली दिसतील ती चालू. काम तिथेच करायचं.

उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. म्हणून चाप लावायचे तर आधी तीन-चार दिवस न ताणता, नुसतं आमिष ठेवून मांडा. खायची सवय लागली की एका रात्री एकदम दहा-पंधरा चाप ताणा. रोज एक लावत बसलात तर बाकीचे शहाणे होतात. भिंतीच्या किंवा बांधाच्या कडेने, आमिषाची बाजू भिंतीकडे. मेलेला उंदीर हातमोज्यांनीच उचला, त्याच्या मुताने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होतो. धान्य आणि बियाणं ठेवायच्या खोलीला ६ मिलिमीटरची जाळी मारा. लहान उंदीर त्याहून किंचित मोठ्या फटीतूनही आत येतो.

विषारी आमिषांच्या मी विरोधात आहे, आणि कारण भावनेचं नाही. विष खाल्लेला उंदीर दोन-चार दिवस झिंगत फिरतो, त्याला गव्हाणी घुबड उचलतं आणि तेही मरतं. घुबडाची एक जोडी पिल्लं वाढवताना शेकडो उंदीर संपवते. शेतात तीन-चार मीटर उंचीवर त्यांच्यासाठी लाकडी खोका टांगता येतो, फक्त त्याच शेतात विष नको.

खारी ठिबकच्या नळ्या कुरतडतात. बहुतेकदा पाण्यासाठी. नळी आठ-दहा सेंटिमीटर मातीखाली घेतली तर त्रास घटतो. आणि वाफ्यांपासून पंधरा-वीस मीटर लांब पाण्याच्या पसरट थाळ्या ठेवा, पाच सेंटिमीटरपेक्षा खोल नको, आत दोन-चार दगड, म्हणजे मधमाश्या बुडत नाहीत. फळांना चोची मारणारे पक्षीही बरेचदा रसासाठी येतात, तेही थाळीकडे वळतात. पाणी आठवड्यातून दोनदा ओतून बदला, नाहीतर डास होतात. थाळी दाट झुडपाला लागून ठेवू नका, मांजर दबा धरतं. उघड्या हौदात एक तिरकी फळी सोडून ठेवा, पडलेला प्राणी तिच्यावरून बाहेर येतो.

पायरी ८: जाळी आणि कुंपण

पक्षी पिल्लांना अळ्या भरवतात, तेव्हा वर्षभर त्यांना हाकलण्यात तुमचंच नुकसान. जाळी फक्त फळ पिकायच्या दोन-तीन आठवड्यांपुरती. जाळीतून बोट आरपार गेलं तर ती जाळी नको. मोठ्या छिद्रांच्या सैल जाळीत साप, वटवाघळं आणि पक्षी अडकून मरतात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात घरगुती फळझाडांसाठी पूर्ण ताणल्यावर ५ मिलिमीटरपेक्षा मोठं छिद्र असलेल्या जाळीला २०२१ पासून कायद्याने मनाई आहे. चौकट करून जाळी ताणून बसवा, खालची कड मातीत दाबा. बुजगावणं आणि चकचकीत फिती चालतात, पण तीन-चार दिवसांनी जागा बदलली तरच.

सशासाठी ९० सेंटिमीटर उंचीची, तीन सेंटिमीटरपेक्षा लहान छिद्रांची जाळी पुरते, तळाचे १५ सेंटिमीटर जमिनीत आणि बाहेरच्या बाजूला वळवून. हरणासाठी २.४ मीटर लागते, त्याहून कमी उंचीवर पैसे घालवू नका. रानडुकरासाठी जमिनीपासून साधारण २० आणि ४५ सेंटिमीटरवर दोन झटका तारा. झटका यंत्र तयार, प्रमाणित घ्या. ते क्षणभराचा झटका देतं, मारत नाही. तारेला गवत लागलं की झटका जमिनीत उतरतो, म्हणून खालचं गवत कापत राहा. घरातली वीज थेट तारेत सोडणं म्हणजे माणूस मारण्याची तयारी. त्यात बहुधा शेतमालक, मजूर किंवा शेजारचं पोरच जातं.

माकडांना कधीही खायला घालू नका, पिकलेला माल झाडावर ठेवू नका, कुंपणावर झुकणाऱ्या फांद्या छाटा. यापलीकडे खात्रीचा उपाय नाही. फास, गावठी स्फोटकं असले प्रकार क्रूरही आहेत आणि अनेक देशांत गुन्हाही. मोठ्या प्राण्याचा उपद्रव असेल तर वन खात्याला कळवा आणि नुकसानीचे फोटो तारखेसह काढून ठेवा.

पायरी ९: साप

उंदीर कमी केले, गवत कापलं, लाकडं जमिनीपासून फूटभर उंच रचली की साप येण्याची कारणं निम्मी होतात. रात्री पाण्याची पाळी द्यायला जाताना टॉर्च आणि उंच बूट. आच्छादनात, दगडाखाली, पाइपाच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवा. दुपारी साप सावलीत, ठिबकच्या ओलाव्यापाशी पडून असतो. दिसला तर मागे सरका, त्याला वाट द्या, जात नसेल तर सर्पमित्राला बोलवा. धामण उंदीर खाते आणि तिला विष नसतं, पण ओळखीची खात्री नसेल तर प्रत्येक साप विषारी समजून लांबच राहा.

चावला तर कापू नका, चोखू नका, घट्ट बांधू नका. अंगठी, कडं लगेच काढा, सूज येते. चावलेला अवयव हलणार नाही असा आधार देऊन सरळ प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. सापाला मारत किंवा पकडत बसण्यात वेळ घालवू नका, डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात.

पायरी १०: रिकाम्या वाफ्याचा उपयोग

उन्हाळी पीक निघालं की वेलांचे, फळांचे अवशेष त्याच दिवशी उचला. मग जमीन नांगरून उघडी ठेवा, मातीतले कोष वर येतात, काही ऊन मारतं आणि काही बगळे, साळुंक्या वेचतात.

लहान वाफ्यांसाठी याहून चांगली गोष्ट आहे. माती भुसभुशीत आणि सपाट करा, पोटभर पाणी द्या, वर पारदर्शक पातळ प्लॅस्टिक ताणून अंथरा आणि कडा मातीने बंद करा. काळं प्लॅस्टिक घेऊ नका. ते स्वतः तापतं, पण माती तेवढी तापवत नाही. भर उन्हाळ्यात चार ते सहा आठवडे असं ठेवलं की वरच्या थराचं तापमान ५० अंशांच्या आसपास पोचतं. त्यात अनेक बुरशी, तणांचं बी आणि वरच्या थरातले कोष मरतात. इस्रायलमध्ये १९७६ मध्ये या पद्धतीचे प्रयोग प्रसिद्ध झाले आणि तिथून ती पसरली. प्लॅस्टिक काढल्यावर माती खोल उकरू नका. खालच्या थरातलं बी आणि बुरशी जिवंतच असते, ती वर येईल. दोन-तीन बोटं माती हलवून थेट रोपं लावा.